नवी वस्तू आणि मोकळे हात

(आपल्या ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक मेळाव्यात एका सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षकांनी दिलेले व्याख्यान)



दैनंदिन जीवनातील नवे छंद, नवी उपकरणे, नवे करमणुकीचे कार्यक्रम आणि घरचा स्वयंपाक या विषयावर आम्ही चार शब्द बोलावेत अशी आज्ञा चिटणीसांनी केली आणि आम्ही ती शिरसावंद्य मानली. आम्ही जुने मॅट्रिक. सारे आयुष्य प्राथमिक शाळेच्या फळ्यासमोर गेले. विद्वत्तेचा दावा आम्हांस करता येणार नाही. परंतु विषय असा आहे की, त्यावर बोलण्याचा अधिकार आपल्या कासार-तांबट समाजाइतका दुसऱ्या कोणास क्वचितच असेल. आपल्यांपैकी काही घडविणारे, काही विकणारे, काही बांगड्या भरणारे. पण लोकांच्या घरी नवी वस्तू पोहोचविणे हा आपणां सर्वांचाच पिढीजात व्यवसाय होय. आज ज्यास आपण जुने, वडिलार्जित म्हणून नमस्कार करतो ते घंगाळ, तो बंब, ती परात एके काळी कोणाच्या तरी घरात नवी म्हणूनच आली होती. माळ्यावरचे एखादे पातेले खाली उतरवून त्याचा काठ पुसून पाहावा. त्यावर नाव, गाव आणि साल कोरलेले आढळते. आणले त्या दिवशी ते भांडे शेजारणींनी उचलून, वाजवून, नखाने टिचकी मारून पाहिले असणार.

तेव्हा नव्याची हौस हे आजकालचे खूळ आहे असे जे आपल्यातील काही वडीलधारे म्हणतात, त्यांच्याशी आमचा मतभेद आहे. त्याचबरोबर, बाजारात आले ते घरात आलेच पाहिजे असे मानणाऱ्या तरुणांशीही तो आहे. नवी वस्तू दारात आली म्हणजे तिने कोणाचे हात मोकळे होतील आणि मोकळे झालेले हात पुढे काय करतील, एवढेच आम्ही पाहतो. आजचे आमचे सारे बोलणे या एका प्रश्नाभोवती आहे.

प्रथम आपल्या दुखऱ्या जागेविषयीच बोलू. इंग्लंडातील शेफील्ड येथे १९१३ साली हॅरी ब्रेअर्ली यांनी न गंजणारे पोलाद तयार केले. लोखंडात क्रोमियम योग्य प्रमाणात मिसळले की त्याच्या पृष्ठभागावर एक अतिसूक्ष्म कवच तयार होते आणि गंज धरत नाही. हे पोलाद भांड्यांच्या रूपाने आपल्या स्वयंपाकघरात शिरले आणि पाहता पाहता फळ्या भरून गेल्या. जुने कपडे घेऊन बोहारीण स्टीलची पातेली देऊ लागली. पितळ मोडीत निघाले. आपल्या कित्येक घरांतील ऐरणी थंड झाल्या, मुले कारखान्यांत आणि कचेऱ्यांत गेली, आणि आमच्यासारखा एखादा मास्तर झाला. पुण्याच्या तांबट आळीत पूर्वी हातोड्यांचा अखंड नाद चाले. तिथे आता मठारकाम करणारी मोजकी घरे उरली आहेत. हे नुकसान खरे आहे आणि ते सांगताना कोणाचाही कंठ दाटून यावा.

परंतु त्याच वेळी आपल्याच घरात दुसरे काय घडले, तेही सांगितले पाहिजे. पितळेचे मोठे तपेले रिकामे असतानाच जड असते. भरल्यावर ते चुलीवरून उतरविणे हे एका बाईचे काम नव्हे, तरी ती ते एकटीच उतरवी. कल्हई उडाली की आमटी कळकते, ताक तर ठेवताच येत नाही. रोजची राख, चिंच, नारळाची शेंडी. पावसाळ्यात दोन दिवस न घासले तर हिरवट डाग. आमची आजी तांबटाची सून होती. तिच्या बोटांची टोके कायमची काळवंडलेली आम्ही पाहिली आहेत. स्टील आले तेव्हा आपला धंदा बसला, आणि आपल्याच आयाबहिणींच्या हातांना विसावा मिळाला. या दोहोंपैकी एकच गोष्ट सांगणारा मनुष्य अर्धाच हिशेब मांडतो.

आता त्या विसाव्याचे पुढे काय झाले, हे पाहू.

दाबाच्या भांड्याची कल्पना फार जुनी आहे. डेनिस पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १६७९ साली इंग्लंडात असे भांडे करून दाखविले, आणि ते फुटू नये म्हणून वाफ सोडणारी झडपही त्यानेच बसविली. त्यामागील तत्त्व आम्ही सातवीच्या मुलांस शिकवीत असू. उघड्या पातेल्यातील पाणी समुद्रसपाटीला १०० अंशांवर उकळते आणि मग कितीही जाळ केला तरी ते त्याहून अधिक तापत नाही. झाकण घट्ट लावून दाब दुप्पट केला की ते सुमारे १२० अंशांवर उकळते. या वीस अंशांत तूरडाळीचा सारा प्रश्न सुटला. आपल्या देशात १९५९ साली असे कुकर बनविण्यास सुरुवात झाली आणि पुढील वीस-पंचवीस वर्षांत शिट्ट्यांची भाषा मराठी स्वयंपाकघरात रूढ झाली. ‘दोन शिट्ट्या झाल्या की बंद कर’ हे वाक्य आज ज्या घरात उच्चारले जात नाही असे घर विरळाच. पाठोपाठ विजेचे मिक्सर आले. पाटा-वरवंटा कोपऱ्यात गेला. दारोदार ‘टाकी लावून घ्या’ म्हणून फिरणारे लोकही दिसेनासे झाले. त्यांचेही पोट आपल्यासारखेच स्वयंपाकघराच्या आधारावर होते, हे आपण तरी विसरू नये.

डाळ शिजण्यास तास लागे, तिथे पाव तास पुरू लागला. वाटण पाच मिनिटांत होऊ लागले. मग उरलेला वेळ कोठे गेला? शाळेत आम्ही शिल्लक काढण्याची गणिते घालीत असू, त्यांतलेच हे एक समजावे. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर लोकांच्या दिवसाच्या वेळेची पाहणी केली आणि २०२४ साली पुन्हा केली. घरातील बिनपगारी कामे जे करतात त्यांत स्त्रियांचा दिवसाचा वेळ २०१९ साली २९९ मिनिटे होता, पुरुषांचा ९७. पाच वर्षांनी स्त्रियांचा वेळ २८९ मिनिटे झाला आणि पुरुषांचा ८८. म्हणजे स्त्रियांची दहा मिनिटे कमी झाली, तर पुरुषांनीही आपली नऊ मिनिटे कमी करून घेतली! शिवाय हे आकडे काम करणाऱ्यांचे आहेत. २०१९ च्या पाहणीत शंभरांतले सुमारे २६ पुरुषच अशा कामास हात लावीत होते, स्त्रिया ८१. घरात कुकर आहे, मिक्सर आहे, गॅस आहे, कपडे धुण्याचे यंत्र आहे आणि तरीही बाईचे जवळजवळ पाच तास जातात. कारण यंत्राने वेळ वाचविला की घर दुसरे काम पुढे करते. पूर्वी सकाळी एक भाजी होई, आता डब्याची निराळी, दुपारची निराळी, आणि पथ्याची तिसरी.

छंदाची गोष्ट बोलताना हे आकडे कशास, असे कोणी विचारील. त्यास उत्तर म्हणून आम्ही प्रत्यक्ष पाहिलेला एक प्रसंग सांगतो. २१ डिसेंबर २०२० रोजी सायंकाळी गुरू आणि शनी हे दोन ग्रह आकाशात एकमेकांच्या इतके जवळ आले की, त्यांतील अंतर पूर्णचंद्राच्या व्यासाच्या पाचव्या हिश्शाएवढेच दिसत होते. इतकी जवळीक त्यापूर्वी १६२३ साली झाली होती. आमच्या इमारतीतील एका विद्यार्थ्याने लहानशी दुर्बीण आणली होती. गुरूचे चंद्र आणि शनीचे कडे एकाच वर्तुळात दिसत होते. आम्ही सेवानिवृत्त मंडळी तर गच्चीवरून हलायला तयार नव्हतो. ग्रह पश्चिमेस खाली खाली जात होते आणि आठाच्या सुमारास मावळणार होते. पोरे आली, पुरुष आले. बायका आल्या त्या पोळ्या उरकून, ओटा पुसून, साडेसातनंतर. तोपर्यंत ग्रह समोरच्या इमारतीआड गेले होते. चारशे वर्षांनी आलेला योग आणि कणकेचा गोळा यांची वेळ एकच आली. छंदास पैसा लागतो असे आपण म्हणतो. त्या दिवशी तर आकाश फुकट होते. लागत होती ती फक्त सहा ते साडेसातची वेळ, आणि तीच त्यांच्यापाशी नव्हती.

म्हणून आम्ही असे प्रतिपादन करतो की, आपल्या समाजातील पुरुषांनी कोणता नवा छंद धरावा असे विचाराल, तर सर्वांत आधी त्यांनी स्वयंपाकाचा धरावा. यावर सभागृहात हशा होईल हे आम्हांस ठाऊक होते. ‘पुरुषाने चूल फुंकावी काय?’ असा प्रश्न मागील बाकांवरून आलाही. पण बंधूंनो, इतर समाजांतील पुरुषांनी हा प्रश्न विचारला तर समजण्यासारखे आहे. आपण कसा विचारावा? आपला पुरुष पिढ्यान्‌पिढ्या विस्तवापाशीच बसला आहे. धातू किती तापला हे नुसत्या रंगावरून ओळखणारी आपली माणसे. त्यांना तेल तापले की नाही हे ओळखता येणार नाही? भट्टी आणि चूल यांत आकाराचा भेद आहे, जातीचा नाही. आणि भट्टीचा भाता ओढण्यास, भांड्यांना उजळा देण्यास घरातील बायकांचा हात लागतच असे. त्यांनी आपल्या विस्तवास हात लावला तेव्हा कोणी हसले नाही.

शिकावे कसे, हा प्रश्न मात्र खरा आहे. आपल्या आया ‘अंदाजाने घाल’ म्हणत. अंदाज हा ज्याच्या हातात असतो त्यालाच तो कळतो. शिकणाऱ्यास माप लागते. मराठीत पाकशास्त्राची छापील पुस्तके फार पूर्वीपासून आहेत. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ सालचे. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र’ १९१० सालचे. परंतु सामान्य घरात पुस्तक समोर ठेवून पदार्थ करण्याची रीत पडली ती कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’मुळे. हे पुस्तक १९७० साली प्रसिद्ध झाले. या बाईंचे शालेय शिक्षण चौथीपर्यंतचे; पण वाटी आणि चमचा यांच्या मापाने कृती लिहून त्यांनी जे केले ते कोणाही शिक्षकाने हात जोडावे असे आहे. ज्याला काहीच येत नाही असा विद्यार्थी समोर धरून त्यांनी लिहिले. सासूने सुनेस शिकवायचे ज्ञान त्यांनी कोणासही शिकता येईल असे केले; पुरुषासही, परगावी एकट्या राहणाऱ्या मुलासही, परदेशी गेलेल्या मुलीसही. आता मोबाइलवर कृती पाहता येतात, हात कसा फिरतो तेही दिसते, हा मोठाच लाभ आहे. तरी नवशिक्याने पुस्तक हाताशी ठेवावे असे आमचे मत आहे. पुस्तक थांबते, मोबाइलवरील बाई तुमची फोडणी करपेपर्यंत पुढे निघून गेलेली असते.

आमच्या घरी गेली काही वर्षे आठवड्यातील चार संध्याकाळचा स्वयंपाक आमच्याकडे आहे. भाकरी, पिठले, खिचडी, भरली वांगी आणि दोन प्रकारच्या आमट्या एवढी आमची मजल. त्या चार संध्याकाळी आमच्या सौभाग्यवती पेटी शिकतात. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी त्यांनी सा रे ग म धरला. भाकरीला पापुद्रा आल्याचे दाखविण्यासाठी आम्ही एकदा तवा घेऊन बाहेर गेलो, तर त्या म्हणाल्या, “पापुद्रा आला असेल तर खाऊ आपण. आधी दार लोटून घ्या, सूर निसटतोय.” लग्नाला इतकी वर्षे झाली, पण त्यांना गाण्याचा कान आहे हे आम्हांस पेटी घरात आल्यावर कळले. त्यांना ते बाराव्या वर्षापासून ठाऊक होते.

करमणुकीच्या कार्यक्रमांविषयी थोडेच बोलतो, कारण त्याविषयी घरोघरी बोलणे पुष्कळ चालते. १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण झाले तेव्हा लोक रेडिओस हार घालीत, असे आमचे वडील सांगत. मुंबईस दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. चिमणराव आणि गुंड्याभाऊ छोट्या पडद्यावर अवतरले ते तिथेच. १९८७ साली रविवारी सकाळी रामायण लागे तेव्हा वाड्यातील ज्या घरी संच असे त्या घरी पंगतीसारखी दाटी होई, आणि २०२० च्या मार्चअखेर, टाळेबंदीत, तीच मालिका पुन्हा लागली तेव्हा नातवंडे आजोबांशेजारी बसली. या सर्वांत एक गोष्ट समान होती: एक पडदा आणि पुष्कळ माणसे. आता माणसागणिक पडदा झाला आहे. त्याची आम्ही निंदा करीत नाही. आम्ही स्वतः बुद्धिबळाचे डाव मोबाइलवर पाहतो. पण आमच्या घरात एक रीत आहे, ती सांगतो. रात्रीची एक मालिका सर्वांनी एकत्र पाहायची आणि त्या वेळी समोर परात ठेवायची. मटार असोत, लसूण असो, गवार असो. जो पाहील तो सोलील, जो पाहील तो निवडील. नायिकेचे अश्रू आणि मटाराच्या शेंगा एकाच वेळी संपतात. स्वयंपाकाच्या कार्यक्रमांचे मात्र आम्हांस आश्चर्य वाटते. सोफ्यावर बसून, पोह्यांचे पाकीट फोडून, दुसऱ्याने केलेला पदार्थ तासभर पाहणारी कुटुंबे आम्ही पाहिली आहेत. पाहिलेला एखादा तरी पदार्थ आठ दिवसांच्या आत करून पाहावा. न जमला तर तोही जेवावा.

उपकरणांकडे पुन्हा वळतो. कारण आपल्या ज्ञातीच्या दृष्टीने खरी मौज इथे आहे. एअर फ्रायर म्हणून जे यंत्र २०१० साली निघाले, त्याची जाहिरात पाहून पुष्कळांनी ते घेतले. आत तापलेली हवा पंख्याने जोरात फिरते, म्हणजे ती एक लहान भट्टीच होय. त्यात भाजलेले पदार्थ उत्तम होतात; बटाट्याच्या काचऱ्या, शेंगदाणे, पापड फारच छान. परंतु भिजवलेल्या पिठाचे भजे त्यात सोडले तर पीठ ओघळून तळाशी जाते. भज्यास तेलच लागते, हे मान्य करून ते महिन्यातून एकदा खावे, हा आमचा व्यवहार आहे.

याहून महत्त्वाच्या दोन नव्या चुली घरोघरी आल्या आहेत: एक मायक्रोवेव्ह आणि दुसरी इंडक्शन. पहिलीत धातूचे भांडे ठेवणेच निषिद्ध. दुसरीचे तत्त्व असे की, तिच्या काचेखालील वेटोळ्यातून उलटसुलट वीज फिरते, तिच्या चुंबकीय परिणामाने भांड्याच्या बुडातच प्रवाह निर्माण होतात आणि भांडे स्वतः तापते. याकरिता बूड लोखंडाचे किंवा चुंबकास चिकटणाऱ्या पोलादाचे हवे. तांबे आणि पितळ हे विजेचे इतके सुलभ वाहक आहेत, आणि चुंबकास इतके उदासीन, की घरगुती इंडक्शनवर ते तापत नाहीत. म्हणजे दोन नव्या चुली आल्या आणि दोघींनाही आपली भांडी चालत नाहीत! भगिनींनी नवे भांडे घेताना दुकानात एक लहान चुंबक बरोबर न्यावा आणि तो बुडास लावून पाहावा. चिकटला तर काम होईल. स्टीलची म्हणून मिळणारी सर्वच भांडी चुंबकास चिकटत नाहीत, हेही ध्यानात असू द्यावे.

तथापि यावर हात टेकून बसण्याचे कारण नाही. तांब्या-पितळेच्या भांड्यास खालून चुंबकीय पोलादाची चकती बसवून ते इंडक्शनवर चालेल असे करणारे कारागीर आज आहेत. हे काम बारीक आहे, दोन धातू तापताना निरनिराळ्या प्रमाणात प्रसरण पावतात आणि जोड सुटण्याचे भय असते. पण हे ज्याच्या हातात जमेल तो आपल्याच आळीतला असला पाहिजे, असे आम्हांस मनापासून वाटते. तांब्याच्या बाटल्या, मठारलेले पेले, ताटे यांना शहरांतून आणि परदेशांतून मागणी आली आहे. तांब्याच्या पृष्ठभागावर अनेक रोगजंतू टिकत नाहीत, हे प्रयोगांनी दिसून आले आहे. परंतु म्हणून तांब्यातील पाणी सर्व रोगांवर औषध आहे असे सांगून कोणी माल विकू नये. आणि लिंबाचे सरबत किंवा ताक त्या बाटलीत भरू नये, हे विकतानाच सांगावे. आपल्या वाडवडिलांनी हे कधी चोरून ठेवले नाही.

उरला आमचा दुसरा छंद: कल्हई. सेवानिवृत्तीनंतर चुलत्यांची जुनी हत्यारे आम्ही माळ्यावरून काढली आणि त्यांच्याच देखरेखीखाली हे काम शिकलो. तांबटाचा मुलगा मास्तर झाला आणि साठीत विद्यार्थी झाला, असे चुलते म्हणत. कल्हई करणारा हल्ली शोधून सापडत नाही, आणि घरोघरी पितळी पातेली केवळ कल्हईवाचून माळ्यावर पडून आहेत. त्या पातेल्यात भाताची खिचडी कशी होते हे ज्यांनी चाखले आहे, त्यांना सांगावयास नको. सगळीकडून सारखी उष्णता लागते आणि बुडाशी करपत नाही. रोज ते वापरावे असे आमचे म्हणणे मुळीच नाही. आजीची बोटे आम्ही विसरलेलो नाही. सणावारी, घरातील चार हात मोकळे असतील त्या दिवशी, ते खाली उतरावे. आणि जो उतरवील त्यानेच ते घासावे. पितांबरीने दोन मिनिटांत निघते.

कृती अशी. भांडे चिंच, मीठ आणि बारीक वाळू लावून आतून लख्ख घासावे. एक डाग राहिला तरी तिथे कल्हई धरत नाही. कोळशाच्या भट्टीवर ते सांडशीने फिरवीत सर्व बाजूंनी सारखे तापवावे. मग नवसागराची पूड टाकावी. पांढरा धूर भसकन उठतो आणि धातूवरील उरलासुरला मळ सुटतो. त्या क्षणी कथलाची कांडी टेकवावी. तांबे वितळण्यास १,०८५ अंश लागतात, कथील २३२ अंशांवरच पाणी होते. म्हणून तर हा सारा खेळ शक्य आहे. कापसाचा बोळा घेऊन ते वितळलेले कथील एका दमात तळापासून काठापर्यंत पसरवावे आणि भांडे थंड पाण्यात बुडवावे. तांबूस पोट क्षणात चांदीसारखे होते. लहान मुले हे पाहताना टाळ्या वाजवितात. आमच्या अनुभवाने कोणत्याही मोबाइलवरील खेळास त्यांनी अशी दाद दिलेली नाही. काळजी दोन गोष्टींची: काम उघड्यावर करावे व धूर तोंडावर घेऊ नये, आणि कथील शुद्ध असावे, त्यात शिशाची भेसळ असता कामा नये, कारण शिसे पोटात जाणे हे विष आहे. तसेच कल्हईचे भांडे रिकामे मोठ्या आचेवर ठेवू नये आणि तारेच्या घासणीने खरवडू नये.

चिटणीसांशी आमचे बोलणे झाले आहे. येत्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी नऊ वाजता कार्यालयाच्या मागील अंगणात आम्ही भट्टी लावणार आहोत. चुलत्यांचे वय झाले आहे, पण ते खुर्ची टाकून बसतील आणि चुकेल त्यास रागे भरतील. ज्यांना शिकावयाचे आहे त्यांनी सुती कपडे घालून यावे. मुली आणि सुना याव्यातच, ज्ञातीने त्यांना आजवर भाता दिला, सांडशी दिली नाही. त्या दिवशीचे जेवण पुरुष सभासद करतील. सहा जणांनी नावे दिली आहेत, आणखी चार हवे आहेत. पैकी एकास तरी पोळ्या लाटता याव्यात. कोळसा, नवसागर आणि कथील आम्ही आणू. भांडे ज्याचे त्याने माळ्यावरून उतरवून, घासून आणावे, आणि काठावरचे नाव वाचून कोणाचे ते घरात विचारून यावे.